बिनफटीचे खुराडे

मिस्त्रींच्या हातच्या कपाटात झुरळ शिरत नसे. आणि ही काही गिऱ्हाइकांनी केलेली स्तुती नव्हती, तो मिस्त्रींनी स्वतःला घालून घेतलेला दंडक होता. कपाट पुरे झाले की ते दुकानाचे दार आतून लावून घेत, पेटती विजेरी कपाटात ठेवून त्याची दारे मिटत, आणि काळोखात त्याच्याभोवती हळूहळू फेरी घालीत. प्रकाशाचा केसाएवढा धागा कुठे दिसला, तर तो सांधा उखडून पुन्हा बसवला जाई. मग गिऱ्हाईक हातगाडी घेऊन दाराशी का उभे असेना. "फट लाकडाची नसते, सुताराची असते," असे ते म्हणत. त्यांच्या बायकोने हे वाक्य इतक्यांदा ऐकले होते, की मिस्त्रींनी 'फट' एवढे उच्चारताच उरलेले ती स्वयंपाकघरातून पुरे करी, आणि वर विचारी, "झालं? आता जेवायला बसायचं का?"

बाईंची सारी नोकरी टेलिफोन कचेरीत गेली होती. कानाला यंत्र लावून त्या दिवसभर गावाचे बोलणे एकमेकांना जोडून देत. पुढे ती यंत्रे गेली, नोकरीही संपली. पण कान मात्र तयार झाला तो झालाच. जिन्यावरच्या पावलांवरून त्या माणूस ओळखीत, आणि दारात पोचलेल्या पाहुण्याने तोंड उघडण्याआधी त्याच्या नुसत्या श्वासावरून तो कशासाठी आला आहे हेही सांगत. मिस्त्रींचे डोळे आणि बाईंचे कान यांच्यात त्या घराचा कारभार वाटलेला होता. मूलबाळ नव्हते. वाद मात्र भरपूर होते, आणि दोघांपैकी कुणालाही ते मिटवण्याची घाई नव्हती.

गेल्या वर्षी बाईंचे हृदय थकले. डॉक्टरांनी त्यांना खाटेवरून उठायची मनाई केली आणि मिस्त्रींना बाहेर नेऊन आणखीही काही सांगितले. ते मिस्त्रींनी घरात बोलून दाखवले नाही. बाईंनी ते त्यांच्या परतणाऱ्या पावलांतच ऐकले होते, म्हणून त्यांनीही विचारले नाही. खाट मागच्या खोलीत, खिडकीला लागून होती. खिडकीतून दिसण्यासारखे काही नव्हते; परसातली फरशी, पलीकडे मिस्त्रींच्या दुकानाची पाठभिंत, आणि खिडकीच्या बरोबर खाली फळांच्या एका जुन्या खोक्यात राहणाऱ्या बाईंच्या दोन कोंबड्या. त्या बुटक्या जातीच्या होत्या, कबुतराहून थोड्याच मोठ्या. एकीच्या पायांवर पिसांचा झुपका होता म्हणून ती झिपरी; दुसरी नुसतीच बुटकी. त्यांची अंडी इतकी लहान, की मिस्त्री ती चिमटीत धरून म्हणत, "याचं काय करायचं? कोटाला लावायचं?"

पण कोंबड्या अंड्यांसाठी नव्हत्याच. उजाडले की त्या दोघींची एकमेकींशी चाललेली कुटकुट खोक्याच्या फटींतून वर येई, आणि बाईंचा दिवस तिथून सुरू होई. "आज झिपरी नाराज आहे," त्या पडल्या पडल्या सांगत. "बुटकीने दांडीवरची तिची जागा घेतलेली दिसते." मिस्त्री दाढी करता करता म्हणत, "तू काय त्यांचाही फोन जोडून दिलास की काय?"

एका पहाटे मांजराने खोक्याची एक पट्टी उचकटली आणि झिपरीला नेले. बाईंना सगळे ऐकू आले. उठता तेवढे आले नाही. मिस्त्री धावत येईपर्यंत फरशीवर पिसे होती आणि बुटकी खोक्याच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसली होती.

त्यानंतर बुटकी बोलेनाशी झाली. दाणे टाकले तरी उभी राही. एखादा टिपला तर टिपला. "अहो, ती एकटी नाही जगायची," बाई म्हणाल्या. "ही जातच एकटी राहणारी नाही. तिला जोडीण आणा."

"आणि मांजराला दोन ताटं वाढू?" मिस्त्री म्हणाले. "आधी घर, मग माणसं. त्या खोक्याला खोकं म्हणणंसुद्धा चुकीचं. नुसत्या फटी होत्या त्या, मधे मधे फळी लावलेल्या."

"घरानं सोबत होत नाही, मिस्त्री." चिडवायचे असले, की बाईही त्यांना मिस्त्रीच म्हणत.

"आणि सोबतीनं मांजर अडत नाही. झिपरी होती की सोबतीला. काय उपयोग झाला?"

या युक्तिवादात खोट काढणे कठीण होते, आणि बाईंना आता फार वेळ बोलवतही नसे. त्या गप्प राहिल्या. मिस्त्रींनी तो आपला विजय मानला. आयुष्यभर त्यांना हवा असलेला विजय, आणि तो मिळाला त्या दिवशी त्यांना जेवण गेले नाही.

त्यांनी हातातले काम बाजूला ठेवले आणि खुराडे करायला घेतले. एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या कपाटासाठी राखून ठेवलेले सागवान काढले. फळ्या एकमेकींत खाचा पाडून बसवल्या, सांध्यांत सरस भरला, छप्पर उताराचे करून त्याच्या कडा खाचेत घट्ट बसवल्या, आणि दाराला चारी बाजूंनी दाबलेल्या लोकरीची, नमद्याची पट्टी लावली, म्हणजे ते मिटताना दागिन्यांच्या पेटीसारखा मऊ आवाज होई. आत बसायला गोल दांडी केली, आणि सवयीने तिला इतकी घासूनपुसून गुळगुळीत केली, की पहिल्याच संध्याकाळी बुटकी तिच्यावर चढली आणि घसरून भुश्यात पडली. वरच्या मजल्यावरची शिंपीण कपडे वाळत घालता घालता हे पाहत होती. तिच्या बहिणीकडे कोंबड्या होत्या, म्हणून या विषयात तिला बोलायचा अधिकार होता. आणि अधिकार नसतानाही ती बोलतच असे.

"भाऊजी, ती कोंबडी आहे. तिला हातात काठी धरून फिरायला जायचं नाही."

"शिकेल."

"आणि वारा कुठून येणार आत?"

"वाराच नको आहे. मांजराचं नख, उंदराचं तोंड आणि वारा, तिन्ही एकाच वाटेनं येतात."

रात्री मिस्त्रींनी खुराड्यात विजेरी ठेवली, दार मिटले आणि फेरी घातली. कुठेही प्रकाश नव्हता. ते समाधानाने झोपले.

सकाळी बाईंनी हाक मारली ती अशा आवाजात, की मिस्त्री तोंडाला फेस लागलेला तसेच धावत आले. "गेली का ती?" बाई विचारत होत्या. "मला काहीच ऐकू येत नाही."

मिस्त्रींनी परसात जाऊन खुराड्याचे दार उघडले. बुटकी होती, मान वाकडी करून तिने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी खिडकीतून आत सांगितले, "ठणठणीत आहे. लाकूड जाड आहे, म्हणून आवाज बाहेर येत नाही." आणि स्वतःलाही नकळत पुढे म्हणाले, "काम चोख झालंय त्याची खूण आहे ती."

बाईंनी तोंड खिडकीकडून भिंतीकडे केले.

तेव्हापासून मिस्त्री उजाडताच खुराड्याचे दार उघडून देत, म्हणजे बाईंना आवाज यावा. पण बुटकी आधीच कमी बोलणारी झाली होती, आणि आता जे काही बोले त्यात काहीतरी अडकल्यासारखे वाटे. दार उघडताना आतून एक उग्र, डोळ्यांना झोंबणारी वाफ अंगावर येई. मिस्त्रींनी भुसा बदलला आणि तो विषय मनातून काढून टाकला. छपराच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरत. थंडीचे दिवस आहेत, असे त्यांनी स्वतःला सांगितले. लाकडात सारा जन्म काढलेल्या माणसाने बंद पेटीतल्या थेंबांचा अर्थ थंडी असा लावावा, यावरून एवढेच दिसते, की ज्या कामाचा आपल्याला अभिमान असतो त्याच्याकडे आपण कधी परक्याच्या नजरेने पाहू शकत नाही.

"तिचा आवाज फिरलाय," बाई म्हणाल्या. "कुट म्हणायच्या आधी ती नेहमी बारीक श्वास ओढायची. तो आता ओढताना घरघरतो."

"तुला औषधानं गुंगी येते. त्यात ऐकू येत असेल काहीबाही."

"मिस्त्री, माझे पाय गेलेत. कान नाही."

शेवटी शिंपीणच खाली आली. मिस्त्रींना न विचारता ती सकाळी खुराड्यापाशी वाकली, दार उघडून तिने डोके आत घातले, आणि लगेच बाहेर काढून डोळ्यांना बाही लावली. "भाऊजी, जरा तुम्ही घालून बघा."

मिस्त्रींनी डोके आत घातले. श्वास घशात अडला आणि डोळ्यांतून पाणी आले. छपराचे थेंब त्यांच्या मानेवर पडले. एका लहानशा जिवाने रात्रभर सोडलेला श्वास, त्याच्या विष्ठेची वाफ, त्याच्या अंगाची ऊब: यांतले काहीही बाहेर गेले नव्हते. जायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती. वारा कोंबडीच्या अंगावरून नको, पण तिच्या डोक्यावरून गेला पाहिजे, असे शिंपीण पाठीमागे सांगत होती; ते ऐकण्याची आता गरज नव्हती. बुटकी कोपऱ्यात पिसे फुलवून बसली होती. तिचा एक डोळा सुजून मिटला होता.

त्यांनी तिला उचलून दुकानात नेले. जनावरांच्या दवाखान्यातून औषध आणले आणि काचेच्या नळीने ते थेंब थेंब तिच्या चोचीत सोडले. रंध्याखालून निघालेल्या लाकडाच्या कुरळ्या सालींची गादी करून तिला कामाच्या टेबलावर ठेवले, आणि दुकानाची दोन्ही दारे, खिडकी, सगळे सताड उघडे टाकले. गिऱ्हाइके आली, दारातूनच पाहून परत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी, मिस्त्रींच्या तळहातावर, बुटकीने मान लांब केली, एकदा तो बारीक श्वास ओढला, आणि पुढचे कुट काही आले नाही.

त्यांनी तिला दुकानाच्या भिंतीलगत पुरले. घरात आले तेव्हा बाई जाग्या होत्या.

"कशी आहे?"

मिस्त्रींनी बायकोशी आयुष्यात असंख्य वाद घातले होते. खोटे असे कधी बोलले नव्हते, कारण खोट्याच्या आधाराने जिंकलेला वाद त्यांना सांधा सुटलेल्या खुर्चीसारखा वाटे. पण बाईंचा हात पांघरुणावर पडलेला होता आणि त्या हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकली होती. ते म्हणाले, "बरी आहे. एक डोळा सुजलाय, म्हणून दुकानात ठेवलीय, उबेला. दोन दिवस राहू दे."

"आवाज?"

"येतोय हळूहळू."

दुसऱ्या दिवशी ते शिंपिणीबरोबर तिच्या बहिणीकडे गेले. "एक आणू नका," शिंपिणीने वाटेत बजावले, "एकटीला आणलंत तर ती झुरेल. आणायच्या तर दोन, एकाच घरात वाढलेल्या." तिने जरा थांबून विचारले, "आणि वहिनींना काय सांगणार?"

"सांगेन की बुटकी आहे, आणि तिला जोडीण आणली."

"वहिनींना? भाऊजी, जिन्यावर मी चप्पल बदलली तर त्यांना कळतं."

"आता तेवढी ताकद राहिली नाही तिच्यात," मिस्त्री म्हणाले. हे वाक्य पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारले गेले होते.

बुटक्या जातीच्या दोन कोंबड्या टोपलीत घालून त्यांनी दुकानात आणल्या. मग खुराडे टेबलावर घेतले आणि गिरमिट काढले. छपराच्या खाली, कोंबडी दांडीवर बसली तरी तिच्या डोक्याच्या वर राहील अशा उंचीवर, त्यांनी शिसपेन्सिलीने रेघ आखली. पहिल्या भोकाला फार वेळ लागला. लाकूड कठीण होते म्हणून नव्हे. गिरमिटाचे टोक पलीकडे निघाले, भुसा खाली पडला आणि त्या भोकातून दुकानाच्या खिडकीतला उजेड सरळ आत गेला. मिस्त्री ते बघत राहिले. मग त्यांनी समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना भोकांच्या ओळी पाडल्या, वर बारीक जाळी ठोकली, दाराची नमद्याची पट्टी उपटून टाकली, आणि दांडीवर कानस चालवून ती खरखरीत केली. इतके कच्चे काम त्यांच्या हातून आजवर झाले नव्हते.

सकाळी, खुराड्याचे दार उघडायच्या आधीच, खिडकीतून कुटकुट आत आली. आधी एक, मग दुसरी, मग दोघी एकदम.

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मिस्त्री पायथ्याशी उभे होते, आणि त्यांचे दोन्ही हात एकमेकांत घट्ट बसले होते.

"आज आवाज नीट येतोय," बाई म्हणाल्या.

"भोकं पाडली."

"कुणी?"

"मीच."

"फळीला?"

"मग कशाला? फळीलाच."

बाई हसल्या. हसताना त्यांना धाप लागली, म्हणून त्यांनी हसणे मधेच सोडून दिले. "दोघी आहेत," त्या म्हणाल्या.

"जोडीण आणली बुटकीला. तू म्हणाली होतीस." आणि त्यांनी घाईने जोडले, "भांडतात सध्या. बुटकी तिला दांडीवर चढू देत नाही."

"हो का? मग?"

मग मिस्त्रींना पुढचे सांगावे लागले. नवीन कोंबडी तांबूस आहे. बुटकी तिच्या तुऱ्याला टोचते. पण दाणे टाकले की आधी तिला हाक मारते. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारले, "काल रात्री कोण कुठे बसलं?" तिसऱ्या दिवशी विचारले, "डोळा उघडला का तिचा?" मिस्त्री खाटेच्या कडेला बसून सांगू लागले. खोटे तरी नीट सांगावे, म्हणून ते परसात जाऊन कोंबड्यांकडे तासन् तास पाहत, आणि त्यातली गडद कोंबडी करी ते बुटकीच्या नावावर लावीत. कोण कुणाच्या पंखाखाली डोके घालते, कोण भुश्यात लोळते, कोण नुसतीच तोऱ्यात फिरते. दुकान बंदच राहू लागले. बाई मधेच डोळे मिटत, मिस्त्री थांबले की म्हणत, "मग?"

एका संध्याकाळी मिस्त्री असेच सांगत होते, की बुटकी आता पूर्ववत कुट म्हणायच्या आधी तो बारीक श्वास ओढते. बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"नाही ओढत, मिस्त्री. दोघींपैकी कुणीच नाही ओढत."

खिडकीखाली कोंबड्या दांडीवर जागा धरत होत्या. नखे खरखरीत लाकडावर खरडल्याचा आवाज येत होता. मिस्त्री म्हणाले, "कधी कळलं?"

"पहिल्याच सकाळी."

"मग मला का बोलू दिलंस?"

"तुम्ही माझ्याशी एरवी इतकं कुठे बोलता," बाई म्हणाल्या. "वाद घालता. तो निराळा. बरं वाटत होतं ऐकायला."

मिस्त्री खाली मान घालून बसले, आणि त्यांच्या लक्षात आले, की हे घर त्यांनी जितके सांभाळले तितकेच ते बंदही ठेवले होते. ते म्हणाले, "खुराड्यानं मारलं तिला. मी केलेल्या."

"ठाऊक आहे."

"मांजर आत येऊ नये, एवढंच डोक्यात होतं."

"तेही ठाऊक आहे. मांजर नाही आलं." त्यांनी मनगटावरचा हात काढला नाही. "या दोघींना नावं ठेवलीत का?"

"नाही. गडद आहे तिलाच बुटकी म्हणून..."

"ते नका करू. तिचं नाव तिच्याजवळच राहू द्या. यांची मी ठेवीन. आधी मला दोघींना नीट ऐकू द्या, म्हणजे कोणती कोण ते कळेल. आवाज ओळखल्याशिवाय नाव ठेवलं तर चुकीच्या माणसाला फोन जोडल्यासारखं होतं."

त्यानंतर रोज सकाळी बाई लक्ष देऊन ऐकत. मिस्त्री काही बोलायला लागले, तर हाताने थांबवत. "एक जरा घोगरी आहे," एकदा म्हणाल्या. "ती घाईत असते. दुसरी उत्तर देते, पण थांबून." नावे त्यांच्या मनात होती असे मिस्त्रींना वाटे, विचारले तर म्हणत, "अजून खात्री नाही."

थंडी सरत आली तेव्हा एका उजाडत्या वेळी मिस्त्री चहा घेऊन आले. खिडकीतून कुटकुट येत होती, आणि ती ऐकणारे खोलीत कुणी नव्हते.

माणसे येऊन गेली. शिंपीण चार घास घेऊन येई आणि रिकामे ताट घेऊन जाई. कधी भरलेलेच नेई. एकदा तिने विचारले, "भाऊजी, कोंबड्या बहिणीकडे देऊ का परत? तुमच्याच्यानं होणार आहे का सगळं?"

"राहू दे."

"नावं तरी काय ठेवलीत?"

"अजून खात्री नाही," मिस्त्री म्हणाले.

ते आता मागच्या खोलीत, बाईंच्या खाटेवर निजतात. खाट खिडकीशीच आहे. परसात जाऊन पाहिले, तर कोणती गडद आणि कोणती तांबूस हे त्यांना क्षणात कळते. पण बाई नावे कानांनी ठरवणार होत्या, म्हणून तेही बघत नाहीत. उजाडले की डोळे मिटून पडून राहतात आणि भोकांतून येणारा आवाज ऐकतात. त्यांचे कान कधी या कामाचे नव्हते. करवतीने ते अर्धे गेलेले आहेत. कितीतरी सकाळी दोन्ही आवाज त्यांना एकच वाटले.

मग परवा, पहिली कुटकुट झाली आणि मिस्त्रींना वाटले, ही घोगरी. ते श्वास धरून राहिले. जरा वेळाने, थांबून, दुसरी बोलली. शंकाच नव्हती. मिस्त्री उठून बसले, त्यांनी डोळे उघडले आणि बाईंना सांगण्यासाठी मान वळवली.